रसवंतीवरचा माणूस

तात्यासाहेबांच्या घरी नातीचे फ्रॉक अंगणात वाळत घालायला बंदी होती. पडेगावच्या उन्हात ओला कपडा दोरीवर टाकून माणूस आत येतो न येतो तोच तो खडखडीत वाळतो. तरी गोदावरीचे कपडे मधल्या खोलीत, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर पसरलेले असायचे. हुकूम खुद्द तात्यासाहेबांचा होता. दोरीवरच्या कपड्यांवरून घरातली माणसं मोजता येतात, हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

कारण अशी माणसं त्यांनी जन्मभर मोजली होती. नोकरी म्हणाल तर जिल्हा परिषदेत कारकुनी, पण भावकीत नाव होतं ते चौकशीसाठी. आपल्याकडं स्थळ आलं की चहापोहे होतात, पत्रिका जुळते, दोन्हीकडची मंडळी तोंडभरून गोड बोलतात. आणि मग कोणीतरी एक जण गुपचूप त्या गावी जाऊन खरं काय ते काढून आणतो. तो एक जण म्हणजे तात्यासाहेब. उडत्या पाखराची पिसं मोजणारा माणूस. त्यांचे नियम ठरलेले होते. आपलं नाव सांगायचं नाही. सरळ विचारायचं नाही, विहिरीच्या पाण्यापासून सुरू करून हळूहळू घरातल्या माणसांवर यायचं. आणि एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तोंडांनी वदवून घ्यायची.

एकदा गंगापूरकडच्या एका घरी गेले असताना त्यांनी दोरीवर एक चड्डी जास्तीची पाहिली. घरच्यांनी दोन मुलं सांगितली होती, कपडे तिघांचे होते. गावात आणखी एक दिवस काढला तेव्हा कळलं, की तिसरा मुलगा आहे, तो बोलत नाही, दिवसभर अंगणात ताटली फिरवत बसतो. तात्यासाहेबांनी परत येऊन तेवढंच सांगितलं आणि स्थळ मोडलं. भावकीनं पाठ थोपटली. त्या मुलाच्या बहिणीचं पुढं काय झालं, हे विचारायला मात्र ते परत कधी गेले नाहीत. चौकशी तिथं संपली होती.

आणि आता देवानं म्हणा, नशिबानं म्हणा, त्यांच्याच घरात गोदावरी दिली होती.

गोदा त्यांच्या मुलाची, बन्सीची मुलगी. सात वर्षांची. नाव तात्यासाहेबांच्या आईचं. डोळे टपोरे, पण ते तुमच्या डोळ्यांवर टिकायचे नाहीत, कानाशेजारून कुठंतरी निघून जायचे. बोलणं नव्हतं. मिक्सर लावला की दोन्ही कान दाबून पलंगाखाली शिरायची. डॉक्टरांनी स्वमग्न असा शब्द सांगितला होता. तात्यासाहेबांनी तो शब्द घरात पुन्हा कोणी उच्चारायचा नाही, असं ठरवून टाकलं. धाकटी मुलगी सुवर्णा लग्नाची होती. तिची दोन स्थळं हातातोंडाशी येऊन गेली होती आणि तिसरं, अजिंठ्याच्या नानासाहेबांच्या मुलाचं, जमल्यात जमा होतं. मुलगा बँकेत, शेती बागायती, माणसं नाकासमोर चालणारी. जूनमध्ये सुपारी फुटायची होती. तोवर नानासाहेबांकडून कोणी ना कोणी चौकशीला येणारच, हे तात्यासाहेबांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, की कोणी विचारलं तर बन्सीची पोरगी आजोळी शिकायला असते. वर हेही बजावलं होतं, की सगळ्यांनी एकाच शब्दांत सांगू नका. खरं बोलणारी माणसं कधी एकसारखं बोलत नाहीत.

सूनबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि म्हणाली, "मामंजी, तुम्ही म्हणाल तसं खोटं बोलते. पण पोरगी उन्हाळाभर घरात कोंडणार नाही. तिचं शिबिराला नाव घातलंय. तुम्ही नेणार नसाल तर मी नोकरी सोडते." ती एका लॅबमध्ये कामाला होती, बन्सी वाळूजला कंपनीत. तात्यासाहेबांनी चतुराबाईंकडं पाहिलं. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेल्या चतुराबाई भाजीच्या शेंगा मोडत म्हणाल्या, "रिकामेच तर बसलेले असता. न्या की."

अशा मुलांच्या शिबिराचं केंद्र गारखेड्याला होतं, संभाजीनगरच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तेवढीच एक गोष्ट तात्यासाहेबांच्या पथ्यावर पडली. तिकडं त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. रोज सकाळी ते गोदाला स्कूटरवर पुढं उभं करून निघत, छावणीतून, क्रांती चौकातून, आणि आठला फाटकाशी पोचत. आत बंगल्याच्या अंगणात पाण्याची घमेली, ओली वाळू, झाडाला दोराचा झोका. पोरं कणीक मळत, मणी ओवत, कैऱ्या कुस्करून पन्हं करत. याला थेरपी म्हणतात, असं केंद्राच्या आशाताईंनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. कोणाची थेरपी हातांची, कोणाची जिभेची, कोणाची नुसती शेजारी बसायची. तात्यासाहेब मान हलवत राहिले, पण मनात म्हणाले, चिखलात खेळायला एवढ्या लांब यायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. पालकांना आत थांबू देत नसत, ते तर त्यांना अजिबात आवडलं नाही. ज्या दाराआड बघता येत नाही त्या दारावर त्यांचा जन्मात विश्वास बसला नव्हता.

म्हणून ते समोरच्या लिंबाच्या सावलीत स्कूटर लावून अकरापर्यंत तिथंच बसायचे. आणि असं बसल्याबसल्याच चौथ्या दिवशी त्यांना रसवंतीवरचा तो माणूस दिसला.

रसवंती रामकिसनची. चरकाला घुंगरं बांधलेली, बाकडी दोन. त्यातल्या आतल्या बाकड्यावर म्हातारा बसलेला होता. धोतर, मळकट पटका, पायात टायरच्या वहाणा. तोंडावरून मेंढरामागं फिरणारा माणूस वाटत होता. त्याच्या हातात रसाचा अर्धा पेला होता आणि तात्यासाहेबांनी घड्याळ लावून पाहिलं, तो अर्धा पेला त्यानं तासभर पुरवला. तहान लागलेला माणूस असा रस पितो का? नजर सगळी केंद्राच्या फाटकावर. पोरं येताना नाही, जाताना नाही, कोणाला हात नाही की हाक नाही. पालक असता तर पोर असतं. पोर नाही, म्हणजे पालक नाही. मग रोज इथं हा करतो काय?

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब रस प्यायला गेले. म्हातारा पाणी प्यायला उठल्याचं पाहून त्यांनी रामकिसनला आपल्या ठरलेल्या पद्धतीनं विचारलं. आधी ऊस कुठला, मग गिऱ्हाईक कसं आहे, मग सहज, "ते बाबा रोजचे का?"

"व्हय. लई दिवस झाले." रामकिसन चरक फिरवत म्हणाला. "अजिंठ्याकडचे हायत म्हणं. सोनाजी नाव. बोलत नायत जास्ती."

अजिंठा शब्द ऐकताच तात्यासाहेबांनी पेला बाकड्यावर ठेवला. रस न पिताच ते लिंबाखाली परत आले. सगळं जुळत होतं. नानासाहेबांच्या शेतात उन्हाळ्यात मेंढरं बसतात, हे त्यांनीच चैत्रात अजिंठ्याला जाऊन काढलं होतं. म्हणजे हा त्यांचाच माणूस. नातेवाईक धाडला तर ओळखला जाईल, म्हणून मेंढका धाडला. तात्यासाहेबांना राग आला, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. त्यांनी स्वतः याहून वेगळं काही केलं नसतं.

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते उतरत नाही, ते आणखी खायला मागतं. साडेनऊच्या सुमारास केंद्रातल्या मावशी, मंजुळाबाई, मागच्या दारानं येऊन रसवंतीपाशी जायच्या. म्हातारा कमरेच्या पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यांच्या हातात द्यायचा. दोघं हळू आवाजात बोलायची. मंजुळाबाई काही सांगायच्या, म्हातारा मान हलवायचा, एकदा तर हसलासुद्धा. फडक्यात काय होतं? तात्यासाहेबांनी आपल्याच अनुभवावरून ठरवलं, की काहीतरी देणंघेणं आहे, आणि त्याच्या बदल्यात आतली बातमी बाहेर येतेय. त्यांनीही कधीकाळी शिपायांना, मोलकरणींना असंच हाताशी धरलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस गोष्ट थेट अंगावर आली. अकरा वाजता गोदा बाहेर आली, तिच्या मनगटावर लाल मण्यांची माळ होती. ती स्कूटरपाशी आली आणि काय वाटलं कोण जाणे, वळून रसवंतीकडं चालू लागली. गोदा, जी आपणहून कोणाकडं जात नसे, ती त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्याकडं पाहिलं नाही. नुसती उभी राहिली आणि मनगट पुढं केलं.

म्हातारा मण्यांकडं बघत राहिला. तात्यासाहेब धावत पोचले.

"तुमची नात का, पाव्हणं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

एवढा साधा प्रश्न. पण तात्यासाहेबांना त्यात अख्खं अजिंठा दिसलं, नानासाहेब दिसले, सुवर्णाची फुटायची राहिलेली सुपारी दिसली.

"नाय," ते म्हणाले. "शेजाऱ्याची हाय. मी नुसता आणतो नेतो."

"असं? चांगली पोर हाय." म्हातारा किंचित हसला. "गाव कुठलं म्हणायचं?"

"पैठण," तात्यासाहेबांनी ठोकून दिलं आणि गोदाचा हात धरून ओढला. ती हात ओढला की ओरडायची. पण आज ओरडली नाही, मान वळवून म्हाताऱ्याकडं बघत आली. तात्यासाहेबांनी घाईनं स्कूटर चालू केली. आपल्या आईचं नाव दिलेल्या पोरीला तिच्यासमोर त्यांनी शेजाऱ्याची करून टाकलं होतं. तिला कळत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. छावणीपर्यंत तेच बजावत होते.

आता काहीतरी करायला हवं होतं. आशाताईंना सांगावं, तर त्या दहा प्रश्न विचारतील आणि त्यातून आपलंच बिंग फुटेल. तात्यासाहेबांनी आपली जुनी विद्या काढली. सकाळी फाटकाशी दोन तरुण बाप पोरांना सोडून फोन बघत उभे होते. तात्यासाहेब त्यांच्याजवळ गेले, उन्हाबद्दल बोलले, पाण्याच्या टँकरबद्दल बोलले, आणि जाता जाता म्हणाले, "तो रसवंतीवरचा माणूस बघितला का? महिना झाला रोज बसतो. पोर तर त्याचं कोणतंच नाय. मावशीला काय काय देत असतो. आपली पोरं बिचारी, धड सांगताबी येत नाय त्यांना." बस, एवढंच. अशा गोष्टीला जास्त फुंकर घालावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं जण म्हाताऱ्याला घेरून उभे होते. तात्यासाहेब स्कूटरमागं थांबले.

"काय काका, इधर काय चालू आहे रोज?" एकानं विचारलं. दुसरा मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता. "कोण पोरगं हाय तुमचं आत? नाव सांगा."

म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं फाटकाकडं पाहिलं.

"नाव सांगा की. का पोलिसाला बोलवू?"

"नगा," म्हातारा म्हणाला. "जातो मी."

रामकिसन मध्ये पडायला आला, पण त्याला कोणी बोलू दिलं नाही. म्हाताऱ्यानं रसाचे पैसे बाकड्यावर ठेवले, पटका नीट केला. निघताना त्याची नजर लिंबाकडं गेली आणि तात्यासाहेबांवर थांबली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तात्यासाहेबांना बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस ते खुशीत होते. बाकडं रिकामं होतं. तिसऱ्या दिवशी गोदा घरी आली ती मनगट चावत. चौथ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. पाचव्या दिवशी केंद्रातून बाहेर येताना ती फाटकाशीच बसली, रसवंतीकडं तोंड करून, आणि तिला उचलायला दोन माणसं लागली. सहाव्या दिवशी आशाताईंनी तात्यासाहेबांना आत बोलावलं.

इतक्या दिवसांत ते दार पहिल्यांदाच त्यांच्यासाठी उघडलं होतं. आत कोपऱ्यात चटई, तिच्यावर मण्यांची परात. गोदा परातीशेजारी बसली होती. हातात दोरा ताणून धरलेला, आणि मणी एकही नाही.

"ही दोरा धरायची आणि दुसरी मुलगी मणी ओवायची," आशाताई म्हणाल्या. "सारजा नाव तिचं. दहा वर्षांची आहे. तीही बोलत नाही. तिच्या शेजारी बसून गोदा जेवायला लागली, झोक्यावर बसायला लागली. आळीपाळीनं कसं करायचं हे आम्ही सहा महिने शिकवतो, या दोघींनी आठवड्यात एकमेकींना शिकवलं. अशी जोडी मी फार थोड्या वेळा पाहिलीय."

"मग ती पोरगी?"

"गेली. तिचे आजोबा उन्हाळ्यापुरती इथं खोली घेऊन राहिले होते, ते तिला गावी घेऊन गेले. तिला गर्दी सहन होत नाही, म्हणून ते तिला सगळ्यांच्या आधी सातला मागच्या दारानं सोडायचे आणि सगळे गेल्यावर न्यायचे. मधले चार तास समोर बसून काढायचे. ती दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही, म्हणून स्वतः भाकरी करून आणायचे, मंजुळाबाईंकडं द्यायचे, आणि या दोघी खिडकीतून त्यांना बघत असायच्या. आपल्याच पालकांपैकी कोणीतरी त्यांना चोर ठरवून हुसकावलं." आशाताईंचा आवाज कडक झाला. "एक शब्द बोलले असते, की माझी नात आत आहे, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मोठ्या नातीचं लग्न जमवतायत. ही धाकटी इथं येते हे भर रस्त्यात कोणाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. फोन लावते तर बंद आहे. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का अजिंठ्याकडं?"

गोदाच्या हातातला दोरा तसाच ताणलेला होता. पोलिसाच्या धमकीपुढंही ज्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही, त्याला त्यांनी हेर ठरवलं होतं. तो त्यांच्यासारखाच होता. फरक इतकाच, की त्यानं अपमान गिळला पण नातीला शेजाऱ्याची केलं नाही. तात्यासाहेबांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिथं खुर्चीत बसून राहणंसुद्धा त्यांना जड झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी सांगितलं, की सातबाऱ्याचं काम आहे, आणि सकाळची जळगाव गाडी धरली. फुलंब्री गेली, सिल्लोड गेलं. जसजसं अजिंठा जवळ येऊ लागलं तसतशी त्यांनी टोपी खाली ओढली. हे नानासाहेबांचं गाव. इथं कोणी ओळखलं, कशाला आलात म्हणून विचारलं, तर सांगायचं काय? आल्या पावली काम उरकायचं, म्हाताऱ्याची माफी मागायची, पोरीला परत पाठवायचं वचन घ्यायचं आणि कोणाला ताकास तूर लागू न देता निघायचं, असा बेत होता.

स्टँडसमोर कडूबाची पानाची टपरी होती. चैत्रात नानासाहेबांच्या घराची माहिती त्यांनी इथूनच काढली होती. बाकड्यावर तिघं बसले होते. सवय वाईट. पान लावायला सांगून तात्यासाहेबांच्या तोंडून निघालं ते हेच, "यंदा विहिरींना पाणी कसं काय?"

"हाय की बरं," कडूबा म्हणाला.

"वस्त्यांवर टँकर येतो का? त्या सोनाजीच्या वस्तीकडं वगैरे?"

पानाला चुना लावणारं कडूबाचं बोट क्षणभर थांबलं. "येतो."

"मोठं घर असंल त्यांचं. खाणारी तोंडं किती?"

कडूबानं मान वर केली. ओळख पटली होती. "तुम्ही चैत्रात आलते ना? नानासाहेबाच्या घरची माहिती काढायला? ते जमलं म्हणं. आता सोनाजीच्या मंगलचं बघायला आले व्हय?" तात्यासाहेब काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, "बिनघोर करा. लई सरळ माणसं. एकच नात हाय, मंगल. दुसरं कोणी नाय."

"एकच नात हाय," बाकड्यावरचा पहिला म्हणाला.

"दुसरं कोणी नाय," दुसऱ्यानं जोड दिली.

तीन तोंडं आणि शब्द अगदी तेच. सोनाजीच्या गावानं त्याचं घर झाकून धरलं होतं, आणि समोर जो उभा होता तो गावाच्या दृष्टीनं पोरींची लग्नं मोडणारा माणूस होता. चैत्रातही कडूबा नानासाहेबांबद्दल असाच गुळगुळीत बोलला होता, हेही त्यांना आता आठवलं.

"दहा वर्षांची एक पोर हाय ना त्यांच्यात? सारजा?"

"नाय बा."

"संभाजीनगरला जायची ती."

"अशी पोर नाय इथं," कडूबा म्हणाला आणि पान पुढं केलं. आवाजातला गोडवा संपला होता. "तुमची काहीतरी चुकी व्हतीय. गाडी हाय बघा परतीची, धा मिनटात."

आणि खरंच समोर गाडी लागत होती. बसलं असतं तर तीन तासांत घर. सुवर्णाची सुपारी शाबूत, कोणाला काही कळलं नसतं. विचारून पाहिलं, पत्ता लागला नाही, असं आशाताईंना सांगताही आलं असतं. तात्यासाहेबांनी पान हातात घेतलं आणि तसंच परत टपरीवर ठेवलं. या गावात त्यांच्या कोणत्याही प्रश्नाला खरं उत्तर मिळणार नव्हतं. सांगण्यासारखी त्यांच्याकडं एकच खरी गोष्ट होती, आणि ती सांगायला याहून वाईट जागा अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

त्यांनी टोपी काढली.

"माझं नाव तात्यासाहेब. पडेगावचा," ते म्हणाले. चौकशीला गेलेल्या गावात स्वतःचं नाव सांगायची ही त्यांची पहिलीच वेळ. "मी कोणाचं लगीन बघायला आलो नाय. नानासाहेबाच्या घरी जी पोरगी यायचीय, तिचा मी बाप. आणि मला एक नात हाय. गोदावरी. सात वर्षांची. बोलत नाय, माणसाकडं बघत नाय. स्वमग्न म्हणतात तिला. आम्ही सगळ्यांना सांगितलं की ती आजोळी असते. ती आजोळी नसते, माझ्या घरी असते. सोनाजीच्या सारजाबिगर ती चार दिवस झाले नीट जेवली नाय. आणि सोनाजीला तिथून हुसकावलं ते माझ्यामुळं. लोकांना मी भरीस घातलं."

गाडीवाल्यानं हॉर्न दिला, दार लावलं आणि गाडी निघून गेली. बाकड्यावरचा तिसरा माणूस, जो इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता, तो उठला, चपला शोधून पायात घातल्या आणि गावाच्या दिशेनं भराभरा चालू लागला.

कडूबा त्याच्याकडं बघत राहिला. मग फडक्याला हात पुसून टपरीबाहेर आला.

"तो बद्रीनाथ," तो हळू आवाजात म्हणाला. "नानासाहेबाच्या शेतावर सालदार हाय. पाच मिनटात वाड्यावर पोचंल तो. हाक मारू का त्याला? सांगतो काहीतरी. अजून वेळ हाय."

तात्यासाहेबांनी रस्त्यावरून लांब जाणाऱ्या त्या पाठीकडं पाहिलं. सुवर्णाला आज संध्याकाळी काय सांगायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"जाऊ द्या त्याला," ते म्हणाले. "सोनाजीच्या वस्तीचा रस्ता कोणता?"